कमी खर्चातली घडीची ई-सायकल: निवडीपासून रोजच्या वापरापर्यंत

पुण्यात मेट्रो सुरू झाल्यापासून अनेकांच्या प्रवासाचा मधला, सर्वांत लांबचा टप्पा सुटला. दोन्ही टोकांचे तीन ते सहा किलोमीटर मात्र तसेच राहिले. कर्वेनगरमध्ये राहून खराडीत नोकरी करणाऱ्याला नळ स्टॉप ते रामवाडी हा भाग अवघड नाही, परंतु घरापासून नळ स्टॉपपर्यंत आणि रामवाडीपासून कार्यालयापर्यंत त्याला दोन वेगवेगळ्या रिक्षा शोधाव्या लागतात आणि महिनाअखेरीस मेट्रोपेक्षा रिक्षांचाच खर्च मोठा निघतो. घडी घालून सोबत नेता येणारी विजेची सायकल ही नेमकी या दोन टोकांची सोय आहे. मी याच मार्गावर अशी सायकल वापरतो, आणि खरेदीच्या वेळी ज्या गोष्टी कोणी एका जागी सांगितल्या नाहीत त्या येथे क्रमाने मांडतो. सुमारे तीस ते पन्नास हजार रुपये खर्च करू इच्छिणारा, पूर्वी ई-सायकल न वापरलेला वाचक मी डोळ्यांपुढे ठेवला आहे.

जाहिरातींत कमाल वेग, पेडल असिस्टचे (पेडल मारताना मिळणाऱ्या मोटरच्या साथीचे) टप्पे आणि एका चार्जमध्ये किती किलोमीटर, हे ठळक अक्षरांत असते. घडीच्या सायकलीच्या बाबतीत माझ्या मते दोनच आकडे निर्णायक आहेत, ते म्हणजे बॅटरीसह एकूण वजन आणि बॅटरीची वॅट-तासांतील क्षमता. बाकी सर्व त्यांच्यानंतर येते.

१. आधी स्वतःचा मार्ग तपासा

कागदावर घरापासून कार्यालयापर्यंतचा मार्ग लिहा आणि त्यात सायकल कोठे चालवायची, कोठे ढकलायची आणि कोठे उचलायची हे वेगवेगळे नोंदवा. सोसायटीत लिफ्ट आहे का, ती बंद पडते का, स्थानकाची लिफ्ट तुमच्या बाजूच्या प्रवेशद्वाराशी आहे का, कार्यालयात सायकल टेबलाजवळ नेऊ देतात की तळघरातील पार्किंगमध्येच ठेवावी लागते, या प्रश्नांची उत्तरे दुकानात जाण्यापूर्वी मिळवावीत.

उचलण्याचा आणि घडी घालण्याचा प्रसंग तुमच्या मार्गात येतच नसेल, म्हणजे घरापासून कार्यालयापर्यंत थेट सायकलनेच जायचे असेल आणि दोन्हीकडे बंदिस्त जागा असेल, तर घडीची सायकल घेऊ नका. तेवढ्याच पैशांत साध्या चौकटीची ई-सायकल अधिक मजबूत, मोठ्या चाकांची आणि बहुधा मोठ्या बॅटरीची मिळते. घडीसाठी आपण जास्तीचे पैसे आणि काही प्रमाणात चौकटीचा ताठपणा मोजत असतो. ती सोय वापरायची नसेल तर तो व्यवहार तोट्याचा आहे.

चढही पाहावेत. कात्रजच्या बाजूला किंवा कोंढवा-एनआयबीएम परिसरात राहणाऱ्यांनी २५० वॅटच्या हब मोटरकडून (चाकाच्या मध्यभागी बसवलेल्या मोटरकडून) चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. चढावर वेग फार कमी झाला की हब मोटरमध्ये वीज गतीऐवजी उष्णतेत जाते. अशा वेळी पायांनी साथ द्यावीच लागते, आणि त्यासाठी सायकलीला गिअर असणे आवश्यक ठरते.

२. वजन: दुकानात नव्हे, जिन्यावर ठरवा

या किमतीतील २० इंची चाकांच्या घडीच्या ई-सायकली साधारणतः १८ ते २३ किलोच्या असतात. चार इंच रुंदीच्या जाड टायरचे नमुने २५ किलोच्या पुढे जातात. ते रुबाबदार दिसतात, खड्ड्यांवर आरामही देतात. परंतु त्यांची घडी ही मोटारीच्या डिकीत ठेवण्यासाठी असते, हातात धरून जिना चढण्यासाठी नसते. नवखे ग्राहक नेमके येथेच फसतात, कारण ‘फोल्डिंग’ या शब्दात ‘हलकी’ हा अर्थ आपण गृहीत धरतो.

खरेदीपूर्वी घरच्या घरी एक चाचणी करा. २० किलो गहू किंवा तांदूळ एका पिशवीत भरून ती एका हाताने आपल्या मजल्यापर्यंत न्या, मध्ये दोनदा खाली ठेवा आणि पुन्हा उचला. हे रोज, कार्यालयीन कपड्यांत, पाठीवर लॅपटॉप असताना करता येईल का, याचे प्रामाणिक उत्तर द्या. उत्तर नकारार्थी असेल तर घडी घातल्यावर चाकांवरच ढकलत नेता येणारा नमुना शोधा. काहींमध्ये घडी घातलेली सायकल सीटच्या दांड्याला धरून ढकलता येते, काही मात्र घडी होताच जमिनीवर आडव्या पडतात. मेट्रोच्या फलाटावर हा फरक फार मोठा असतो.

विक्रेता सांगतो ते वजन पुष्कळदा बॅटरी, मडगार्ड आणि कॅरिअर वगळून असते. त्यामुळे दुकानात वजनकाटा मागा; नसेल तर स्नानगृहातील साधा काटा सोबत न्या, आधी स्वतःचे आणि मग सायकल उचलून दोघांचे वजन करून फरक काढा. दुकानदार हसेल, हसू द्या.

३. कायद्याची चौकट समजून घ्या

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम २(यू) प्रमाणे, मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटच्या आत आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असलेले बॅटरीवरील वाहन ‘मोटार वाहन’ मानले जात नाही. म्हणून अशा सायकलीला नोंदणी, परवाना आणि क्रमांकाची पाटी लागत नाही. मात्र ती मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासलेली असावी लागते. अशी एक संस्था, एआरएआय, पुण्यातच वेताळ टेकडीवर आहे. विक्रेत्याकडे तुमच्या नमुन्याच्या मान्यतेच्या प्रमाणपत्राची प्रत मागा आणि त्यावरील नमुन्याचे नाव सायकलीवरील नावाशी जुळवून पाहा.

‘लॉक काढून देतो, पस्तीस-चाळीसने पळेल’ असे सांगणारे विक्रेते भेटतात. ही सवलत नाही, सापळा आहे. वेगमर्यादा काढल्याबरोबर तुमची सायकल कायद्याच्या दृष्टीने विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन ठरते आणि अपघातात दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाईचा सर्व भार तुमच्यावर येऊ शकतो. शिवाय २० इंची चाके, या किमतीतील ब्रेक आणि बिजागरीची चौकट त्या वेगासाठी बनवलेली नसते. ३५० किंवा ५०० वॅटच्या, परदेशातून सुटी आणून जोडलेल्या सायकलींनाही हेच लागू आहे.

४. बॅटरीचा हिशोब स्वतः करा

व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार म्हणजे वॅट-तास. ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-तासाची बॅटरी सुमारे २८० वॅट-तासांची झाली. यांपैकी सुमारे एक सप्तमांश हिस्सा शिल्लक ठेवून चालावे, म्हणजे वापरण्याजोगे साधारण २४० वॅट-तास उरतात. केवळ थ्रॉटलवर (पेडल न मारता मोटर चालवणाऱ्या हँडलवरील खटक्यावर), थांबत-निघत, शहरातील रहदारीत एका किलोमीटरला १० ते १४ वॅट-तास लागतात. पेडल असिस्टच्या खालच्या टप्प्यावर, पाय मनापासून चालवल्यास ६ ते ८ पुरतात. म्हणजे हीच बॅटरी एकाला वीस किलोमीटर नेते आणि दुसऱ्याला पस्तीस. जाहिरातीतील आकडा जवळजवळ नेहमी हलक्या चालकाचा, सपाट रस्त्यावरचा आणि असिस्टच्या सर्वांत खालच्या टप्प्याचा असतो.

आपल्या रोजच्या एकूण अंतराच्या दुप्पट पल्ला थ्रॉटलच्या हिशोबाने मिळेल अशी बॅटरी घ्यावी, असे माझे मत आहे. कर्वेनगर-नळ स्टॉप आणि रामवाडी-खराडी मिळून जाऊन-येऊन अठरा किलोमीटरच्या आसपास भरतात, त्यामुळे २८० वॅट-तासांवर ते एकदाच कसेबसे बसते, दुप्पट पल्ला मिळत नाही. कार्यालयात चार्ज करण्याची सोय असेल तर मात्र तीच बॅटरी निर्धास्तपणे पुरते आणि मोठ्या बॅटरीचे वजनही वाचते. लिथियम बॅटरीची क्षमता वापराबरोबर घटत जाते. साधारण पाचशे पूर्ण चार्ज-चक्रांनंतर ती घट जाणवू लागते. आज काठावर पुरणारी बॅटरी दोन वर्षांनी पुरणार नाही हे लक्षात ठेवावे.

बॅटरी काढता येते का, आणि कशी, हे प्रत्यक्ष करून पाहा. घडीच्या अनेक सायकलींत ती चौकटीच्या मुख्य नळीत असते आणि सायकल अर्धी घडी केल्याशिवाय बाहेर येत नाही. काहींत ती सीटच्या दांड्यामागे असते आणि सीट वर केल्यावर निघते. रोज बॅटरी घरात नेऊन चार्ज करायची असेल तर हा तपशील मोटरच्या कोणत्याही वैशिष्ट्यापेक्षा महत्त्वाचा आहे. याच वेळी बदली बॅटरीची आजची किंमत लेखी विचारा. ती सायकलीच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या आसपास असू शकते, आणि ती मिळतच नाही असे उत्तर आले तर त्या दुकानातून निघालेले बरे.

पडद्यावरील बॅटरीच्या काड्यांवर फार विसंबू नका. स्वस्त नमुन्यांत त्या केवळ व्होल्टेज पाहून दाखवल्या जातात, त्यामुळे चढावर दोन काड्या नाहीशा होतात आणि सपाटीवर परत येतात. किलोमीटरचा आकडा पाहून चालणेच भरवशाचे.

५. दुकानात तपासायच्या गोष्टी

सर्वप्रथम बिजागरी. मुख्य चौकटीवरील खटका बंद केल्यावर त्यावर दुसरी सुरक्षा-कडी बसली पाहिजे. केवळ एकाच खटक्यावर विसंबलेली रचना टाळावी. पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल पुढे-मागे हलवा. बिजागरीत किंवा हँडलच्या खांबात ‘खट्‌खट्’ जाणवल्यास ती जुळवून घ्यायला सांगा, आणि जुळवूनही हालचाल राहिली तर दुसरी सायकल मागा. नंतर स्वतः तीन-चार वेळा घडी घाला आणि उघडा. घडी घालताना मोटरची किंवा ब्रेकची तार बिजागरीत चिमटत नाही ना, फार ताणली जात नाही ना, हे वाकून पाहा. बंद पडलेल्या घडीच्या ई-सायकलींत दोष पुष्कळदा मोटरमध्ये नसून या तारेत सापडतो.

चाके २० इंची घ्यावीत. १६ इंची चाक घडीत लहान होते, पण आपल्याकडच्या खड्ड्यांत आणि गतिरोधकांवर ते जास्त खोल उतरते आणि झटका थेट मनगटात येतो. टायर दोन इंचांच्या आसपास रुंद असावा. ट्यूबचा वॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असेल तर हवा कोठेही भरता येते. पेट्रोल पंपावर भरताना टायरच्या कडेवर छापलेला दाब आधी वाचून सांगावा, कारण लहान ट्यूब क्षणात प्रमाणाबाहेर फुगते.

दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा कट-ऑफ हवाच. चाचणी घेताना थ्रॉटल अर्धा दाबलेला असताना ब्रेक लावून कट-ऑफ तपासा. पेडलचा सेन्सर या किमतीत बहुधा केवळ पेडल फिरते आहे की नाही एवढेच ओळखणारा असतो. त्यामुळे पाऊल फिरवल्यावर मोटर किंचित उशिरा आणि एकदम जोर देते. गर्दीत त्याची सवय होईपर्यंत असिस्ट पहिल्याच टप्प्यावर ठेवावा.

घरी जुनी घडीची सायकल असेल आणि तिला मोटरचा संच बसवण्याचा विचार असेल तर चिमट्यातील, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांमधील, अंतर आधी मोजा. बाजारातील पुढच्या चाकाचे संच बहुधा १०० मिलिमीटर अंतरासाठी असतात, तर घडीच्या कित्येक सायकलींचा पुढचा चिमटा ७४ मिलिमीटरचा असतो. तो ताणून बसवू देऊ नका. ॲल्युमिनिअमच्या चिमट्यात आस फिरून निसटू नये म्हणून वेगळी आधारपट्टी लावून घेणेही आवश्यक आहे.

६. कागदपत्रे

खरेदीच्या दिवशी पुढील गोष्टी हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये:

• जीएसटी क्रमांक असलेले बिल, ज्यावर चौकटीचा, मोटरचा आणि बॅटरीचा क्रमांक लिहिलेला आहे.
• शिक्का आणि तारीख असलेले वॉरंटी-पत्र. बॅटरीची मुदत वेगळी असते, ती वेगळी लिहून घ्यावी.
• नमुन्याच्या मान्यता-प्रमाणपत्राची प्रत.
• बॅटरीच्या दोन्ही किल्ल्या आणि बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण असलेला मूळ चार्जर.
• हप्त्याने घेत असल्यास आधार, पॅन आणि बँकेची विवरणपत्रे. करारात प्रक्रिया-शुल्क किती आहे हे वाचूनच सही करावी.

चौकटीच्या क्रमांकाचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवा. या सायकलीला नोंदणी नसल्यामुळे चोरीची तक्रार देताना ती तुमचीच असल्याचा पुरावा म्हणजे हा क्रमांक आणि बिल. वॉरंटी-पत्रातील पाण्याविषयीची अटही शांतपणे वाचा. ‘पाणी गेल्यास वॉरंटी नाही’ एवढे मोघम वाक्य असेल तर कंट्रोलर (मोटरला मिळणारी वीज नियंत्रित करणारा भाग) आणि बॅटरीचे आयपी मानांकन, म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा, बिलावर लिहून घेण्याचा आग्रह धरा.

७. चार्जिंग: घरी आणि कार्यालयात

२ अँपिअरच्या चार्जरने वरील बॅटरी साडेचार ते पाच तासांत भरते. एका पूर्ण चार्जला सुमारे एक तृतीयांश युनिट वीज लागते, म्हणजे खर्च तीन ते पाच रुपयांच्या पलीकडे जात नाही. सोसायटीत याच मुद्द्यावर वाद होतात. पार्किंगमधील सामायिक प्लग वापरण्याऐवजी बॅटरी काढून स्वतःच्या मीटरवर चार्ज करणे हाच त्यावरील शहाणपणाचा मार्ग आहे.

३६ व्होल्टच्या लिथियम बॅटरीला ४२ व्होल्टवर थांबणारा चार्जर लागतो. जुन्या लेड-ॲसिड बॅटरीच्या ई-स्कूटरचा ३६ व्होल्टचा चार्जर त्याहून वर जातो, आणि त्याची पिन बसत असली तरी तो लावणे धोक्याचे आहे. हरवलेल्या चार्जरच्या जागी ‘सेम टू सेम’ म्हणून कोणी काही दिल्यास त्यावरील व्होल्टचा आकडा वाचल्याशिवाय घेऊ नका. बॅटरी फरशीवर, पडदे-गाद्यांपासून दूर चार्ज करावी. घराच्या एकमेव दारासमोर किंवा जिन्यात नको, आणि सर्व झोपलेले असताना तर नकोच. उन्हातून आल्यावर ती अर्धा तास निवू द्यावी.

कार्यालयात पहिल्याच दिवशी सायकल घेऊन उभे राहू नका. प्रशासन विभागाला ई-मेल पाठवून सायकल ठेवण्याची जागा आणि चार्जिंगची परवानगी लेखी घ्या. फाटकावरील सुरक्षारक्षकाला तो ई-मेल दाखवला की रोजची हुज्जत टळते.

८. मेट्रोसह पहिला आठवडा

पुणे मेट्रोने २०२२ मध्ये सेवा सुरू झाली तेव्हाच सायकल सोबत नेण्याची मुभा दिली. तरीही खरेदीपूर्वी आपल्या दोन्ही स्थानकांवर नियंत्रकाला भेटून, सायकल बॅटरीची आहे हे स्पष्ट सांगून आणि तिचे चित्र दाखवून, घडी घातलेल्या अवस्थेत ती तपासणीतून आणि फाटकातून कशी न्यावी हे विचारून घ्या. रुंद फाटक कोठे आहे आणि लिफ्ट कोणत्या बाजूला आहे हेही तेव्हाच पाहावे. वनाज-रामवाडी मार्गावर गर्दी जिल्हा न्यायालय स्थानकावर, जेथे मार्गिका बदलतात, तेथे अचानक वाढते. त्यामुळे डब्याच्या टोकाला, दार अडणार नाही अशा जागी उभे राहावे आणि सायकल एका हाताने धरूनच ठेवावी. डब्यात चढण्यापूर्वी बॅटरीची किल्ली बंद करा; थ्रॉटलला कोणाचा धक्का लागून चाक फिरण्याची शक्यता राहत नाही. साखळीला आणि गिअरला झाकणारे कापड किंवा पिशवी सोबत असू द्या, नाहीतर शेजाऱ्याच्या विजारीवर काळे वंगण लागते आणि त्याचे रागावणे रास्तच असते.

रामवाडीनंतर नगर रस्त्याने सरळ जाण्याचा मोह टाळावा. वडगाव शेरीतून आतल्या रस्त्याने थोडे अंतर वाढते, परंतु बस आणि डंपर यांच्या मधोमध लहान चाकांची सायकल चालवण्यापेक्षा ते केव्हाही चांगले. हेल्मेट कायद्याने सक्तीचे नसले तरी वापरावेच.

९. पंक्चर आणि सोबतची हत्यारे

मागच्या चाकात मोटर असल्यामुळे रस्त्यावरील पंक्चरवाला पुष्कळदा काम नाकारतो. त्याला चाक काढायला न सांगता, टायरची एक बाजू सोडवून ट्यूब तेवढीच बाहेर ओढून ठिगळ लावायला सांगा. बहुतेक पंक्चर असे निघतात. ट्यूबच बदलायची असेल तर मात्र मोटरच्या तारेचा जोड आधी सोडवावा लागतो. तो कोठे आहे आणि आसेवरील वॉशर कोणत्या बाजूला बसलेले आहेत, याचे छायाचित्र घेऊन ठेवा, कारण ते उलटे बसले तर मोटरची आस फिरून तार तुटते.

पिशवीत ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या ॲलन की, मोटरच्या नटाचा पान्हा (बहुधा १८ मिलिमीटर, पण मोजून घ्या), टायर काढण्याचे दोन प्लॅस्टिक चमचे, ठिगळांचा संच आणि लहान पंप एवढे पुरते. पहिल्या महिन्यात स्पोक आणि बिजागरीचे बोल्ट सैल होतात. पहिली सर्व्हिस फुकट आहे म्हणून पुढे ढकलू नये.

१०. पावसाळा आणि लांबची सुट्टी

पावसात ही सायकल चालते, पाण्यात चालत नाही. २० इंची चाकाची आस जमिनीपासून जेमतेम २५ सेंटिमीटर उंच असते, म्हणजे पोटरीपर्यंतच्या पाण्यातही मोटर बुडते. साचलेल्या पाण्याच्या भुयारी मार्गात शिरण्याऐवजी उतरून पदपथावरून न्यावी. पडद्यावर आणि बॅटरीच्या खोबणीवर प्लॅस्टिकचे आवरण लावा, घरी आल्यावर बॅटरी काढून तिचे टोक कोरड्या कापडाने पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच चार्जिंगला लावा. चिखल धुताना नळीच्या जोरदार धारेऐवजी ओले फडके वापरावे.

दिवाळीत किंवा मे महिन्यात गावी जाताना बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका. अर्ध्याच्या आसपास भरून, काढून, सावलीत ठेवावी. सायकल सोबत नेण्याचा विचार असल्यास मोटारीने न्यावी. विमानाने नेण्याचा बेत आखू नये, कारण प्रवासी विमानात १६० वॅट-तासांपेक्षा मोठी सुटी लिथियम बॅटरी ना हातातील सामानात चालते ना खालच्या सामानात, आणि तुमची बॅटरी त्या मर्यादेच्या बरीच वर आहे.